रिकामा चिमटा

क्लेटन स्टेशनबाहेर कॉफीची गाडी लावणारा तो माणूस तिमोर या चिमुकल्या देशाचा. नाव मी कधी विचारलं नाही. गाडीवरच्या दोरीला आग्नेय आशियाच्या राष्ट्रसंघटनेतल्या दहा देशांचे झेंडे लावलेले आणि शेवटी एक रिकामा चिमटा. कॉफीचा चोथा पाडायला तो मशीनचं हँडल बादलीवर आपटायचा आणि दर फटक्याला एक देश मोजायचा.

"आधी पाच होते. मग ब्रुनेई. व्हिएतनाम. लाओस. बर्मा! तिथे लष्कर होतं, तरी घेतलं. मग कंबोडिया. आम्हाला चिरडणारा इंडोनेशिया तर पहिल्या पाचांतला. आणि आम्ही बाहेर. का, तर म्हणे तुमची तयारी नाही."

अखेर तिमोरला घेतलं. त्याच आठवड्यात मलाही पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला. मी पेढे घेऊन गेलो.

"काँग्रॅट्स, मेट! लाव आता झेंडा."

त्याने पेढ्याला हात लावला नाही. माझं डोकंच फिरलं. "अरे, घेतलं ना शेवटी? थँक्यू म्हणायचं सोडून हे काय?"

त्याने हँडल दाणकन आपटलं. "इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं त्यांनी आणि थँक्यू मी म्हणू? आधी त्यांनी सॉरी म्हणावं. मग लावतो."

माजोरडा कुठला! मी तणतणत ट्रेनमध्ये बसलो आणि फोन उघडला. व्हिसा लटकलेला असताना बाबा गेले, मला अंत्यविधीलाही घरी जाता आलं नव्हतं. आणि सकाळीच व्हिसा ऑफिसला पाठवलेली माझी ईमेल समोर होती.

त्यात मी तीनदा थँक्यू लिहिलं होतं.