रुबीचा पत्ता

अमेरिकेत पिस्कॅटवेला आल्यावर पहिली सात वर्षं विनीता खानझोडेला नोकरीची परवानगीच नव्हती. त्याआधी ती नागपूरला आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका होती. परमिट हातात पडलं आणि तिला एका छोट्या कंपनीची जाहिरात दिसली. अंध प्रेक्षकांसाठी टीव्ही मालिकांचं वर्णन लिहिणारी माणसं त्यांना हवी होती. दोन संवादांच्या मधल्या फटीत पडद्यावर काय चाललंय ते मोजक्या शब्दांत सांगायचं, एवढंच काम. दार उघडलं, कोण आलं, कुणी पत्र लपवलं.

"इंग्रजीत जमेल तुला?" गुरुदत्तनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं होतं.

"न बघणाऱ्यांशीच तर बोलत आलेय मी," ती म्हणाली आणि अर्ज करून मोकळी झाली.

तिला ते काम फार आवडलं. मुलगी आन्या शाळेच्या बसमध्ये चढली की विनीता चहाचा कप घेऊन बसायची आणि पाच सेकंदांच्या जागेत नऊ शब्द बसवायची. तिसऱ्या वर्षी तिच्याकडे एका इस्पितळावरच्या मालिकेचा तिसरा सीझन आला. नायिका डॉक्टर क्लेअर, गोरी. तिची जिवाभावाची मैत्रीण नर्स रुबी, कृष्णवर्णीय. विनीतानं तीन भाग लिहून पाठवले.

कंपनी प्रत्येक भाग आधी एका अंध श्रोत्याला ऐकवत असे. या खेपेला त्या होत्या डेलोरिस व्हिटफील्ड. वय एकाहत्तर, राहणार शेजारच्याच प्लेनफील्डला, तीस वर्षं हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवलेल्या. काचबिंदूनं त्यांची नजर पन्नाशीतच गेली होती. श्रोत्यांचे शेरे एरवी ईमेलनं यायचे, डेलोरिसबाईंनी मात्र सरळ फोन केला.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या, "ही रुबी सारखी चिडलेली का असते?"

"चिडलेली? नाही हो, तशी नाहीये ती."

"तूच सांगतेस. पहिल्या भागात डोळे वटारते. दुसऱ्यात मान झटकते. तिसऱ्यात फाइल आपटते. आवाज ऐकला तर बाई शांत वाटते. म्हणून विचारलं."

विनीतानं फोन ठेवला आणि पहिला भाग पुन्हा लावला. रुबी क्लेअरकडे बघते तो क्षण तिनं थांबवून पाहिला. डोळे वटारलेले नव्हतेच. भुवई जराशी वर गेली होती, ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि सगळ्या चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. मग तिसरा भाग लावला. फाइलही तिनं आपटली नव्हती, ठेवली होती. त्याच प्रसंगात क्लेअरनं खुर्ची खरोखर ढकलली होती, तिथं विनीतानं लिहिलं होतं, 'क्लेअर अस्वस्थ होऊन उठते.'

हे आलं कुठून? तिनं स्क्रिप्ट उघडली. वर्णन लिहिणाऱ्यांना ती आधीच मिळते, आणि विनीता ती आधी वाचून मगच पडद्याकडे बघायची. रुबीच्या नावापुढे लेखकानं लिहिलं होतं: 'तिखट जिभेची, कणखर, मनानं सोनं.' जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे कंसात 'फणकाऱ्यानं'. ती नटी मात्र कंसातलं काही करतच नव्हती. बिचारी तिन्ही भागांत आपल्या परीनं वेगळं काहीतरी करत होती, आणि जे न बघणाऱ्यांपर्यंत पोचवायचं तेच विनीतानं गाळलं होतं.

दोन दिवस ती बेचैन होती. तिला एकदम सुधामावशी आठवली. विनीताचं लग्न ठरवताना मावशी ज्याला त्याला सांगायची, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'चा विनीताला असा काही राग यायचा! रेडिओवर निदान तो 'पण' नव्हता. आणि आता स्वतःच्याच लेखणीतून तिनं दुसऱ्या एका बाईला तसलंच काहीतरी चिकटवलं होतं.

तिनं तिन्ही भाग नव्यानं लिहिले. आधी चित्र, मग स्क्रिप्ट. पण कुतूहल एकदा चाळवलं की गप्प बसत नाही. पुढचे भाग बघताना ती रुबीवरच नजर ठेवून बसली. क्लेअरचा घटस्फोट झाला, रुबी आली. क्लेअरच्या मुलाला अपघात झाला, रुबी आली. धीर देते, एक विनोद करते, एक खरमरीत वाक्य सुनावते आणि जाते. कुठे जाते?

"आन्या, इकडे ये जरा. ही रुबी राहते कुठे?"

आन्या पंधरा वर्षांची. तिनं फोनवरून नजर न काढता उत्तर दिलं, "आई, इट्स अ ट्रोप. द ब्लॅक बेस्ट फ्रेंड. एव्हरीबडी नोज."

"हा साचा सगळ्यांना माहीत आहे, तर मग तोच लिहितात कशाला?"

यावर आन्यानं मान वर केली. थोडा विचार करून म्हणाली, "आय डोन्ट नो. मेबी दे डोन्ट नो दॅट दे नो."

विनीतानं आधीचे दोन्ही सीझन बघून काढले. क्लेअरचं घर तिला पाठ झालं, फ्रिजवरच्या चित्रांसकट. रुबीला मात्र घर नव्हतंच. नवरा, भाऊ, आजारी आई, काही नाही. ती नेहमी दुसऱ्याच्या दारातून आत येत होती.

शनिवारी तिनं डेलोरिसबाईंना फोन करून भेटायला येऊ का म्हणून विचारलं आणि मेथीचे ठेपले घेऊन प्लेनफील्डला गेली. बाई उंच, ताठ. दारातच त्यांनी डबा हुंगला आणि मेथी ओळखायचा प्रयत्न केला. बसल्यावर विनीतानं आपला शोध सांगितला. डेलोरिसबाई खदखदून हसल्या.

"अगं, या रुबीला मी पन्नास वर्षं ओळखते. नावं बदलतात. कधी ती न्यायाधीश असते, कधी पोलीस अधिकारी. हुद्दा वाढला, पण काम तेच, दुसऱ्याला शहाणं करायचं."

"मग तुम्ही ऐकता कशाला?"

"क्लेअरचा नवरा लबाड होता ना, त्याचं पुढे काय होतं ते कळायला नको?" मग त्या गंभीर झाल्या. "आणि कधीतरी एखादी रुबी घरी जाईल, चपला काढेल, कंटाळेल, असंही वाटतं. मी घरी आल्यावर कुणालाच काही शिकवायची नाही. शब्दकोडी सोडवायची, नाहीतर बहिणीशी भांडायची."

विनीतानं आणखी एक प्रश्न विचारला. कंपनीचा नियम होता की वर्ण 'आवश्यक असेल तरच' सांगायचा.

"म्हणजे आमचाच," डेलोरिसबाई म्हणाल्या. "तुमच्या वर्णनात 'एक माणूस आत येतो' आणि 'एक ब्लॅक माणूस आत येतो.' गोऱ्यांना रंगच नसतो का? सांगायचा तर सगळ्यांचा सांगा. नाहीतर कुणाचाच नको."

सोमवारी विनीतानं वरिष्ठांना लांबलचक ईमेल लिहिला. त्यात उदाहरणं तिच्या स्वतःच्याच चुकांची होती. आणि जाता जाता, निव्वळ उत्सुकतेपोटी, मालिकेच्या लेखकांना विचाराल का, म्हणून एक ओळ जोडली: रुबी कुठे राहते? तिच्या घराचा उल्लेख आला तर वर्णनात घालता येईल.

महिनाभर काही नाही. मग नियम बदलला. पात्र पहिल्यांदा दिसेल तेव्हा रूप, वय आणि वर्ण सांगायचा, सगळ्यांचा. नंतर लेखकांच्या चमूतल्या एका तरुणीचं तीन ओळींचं उत्तर आलं. क्लेअरच्या घराचा नकाशा आमच्या भिंतीवर लावलेला आहे, कप कुठल्या कपाटात असतात तेसुद्धा ठरलेलं आहे. रुबीबद्दल तीन सीझनमध्ये कुणी विचारलंच नाही. मीही नाही, याचं वाईट वाटतं.

विनीतानं ते डेलोरिसबाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"निदान खरं बोलली पोरगी," त्या म्हणाल्या.

चौथ्या सीझनमध्ये काही फार बदललं नाही. सहाव्या भागात रुबीला अटलांटाला मोठी नोकरी लागल्याचं एका वाक्यात उरकलं आणि ती मालिकेतून गेली. निरोपाच्या दृश्यात संवाद संपल्यावर नऊ सेकंद रिकामे होते. स्क्रिप्टमध्ये 'डोळ्यांत पाणी, पण हसते' असं होतं. पडद्यावर रुबी हसत नव्हती, रडतही नव्हती. ती लॉकरमधून आपला कोट काढत होती, आणि बाही उलटी झाली होती ती शांतपणे सरळ करत होती. विनीतानं तेवढंच लिहिलं.

त्या भागावर डेलोरिसबाईंचा शेरा ईमेलनं आला. कोट कुठल्या रंगाचा होता, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. विनीतानं दृश्य पुन्हा लावलं आणि बघून कळवलं, मोरपंखी.