आईनं पेंटेकॉस्टला केलेली प्रार्थना

मैत्रिणींनो, आज पेंटेकॉस्ट. पवित्र आत्मा उतरला तेव्हा येशूचे शिष्य वेगवेगळ्या भाषांत बोलले, म्हणून या सणाला आमच्याकडं चर्चसाठी आणि जगासाठी प्रार्थना होते ती ज्याच्या त्याच्या बोलीत. तेलुगू झाली, मल्याळम झाली. मराठीसाठी पाळकसाहेबांनी यंदा माझ्या आईला उभं केलं.

आई बिडकीनची. मी तिच्याकडून चांगली शुद्ध मराठी प्रार्थना पाठ करून घेतली होती. पेंटेकॉस्टला आमच्यात लाल नेसतात, तशी तिची लाल साडी, डोक्यावर पदर. उभी राहिली आणि पाठांतर सोडून आपलंच बोलायला लागली.

“देवा, जिथं लढाई चालूय तिथल्या लेकरांना आज निवांत झोप लागू दे. आन् आपल्या चर्चमधून जे रुसून गेलेत, त्यांच्या दारात आधी आमालाच जाऊ दे. आमी लई ताठ हाव.”

नाताळच्या गाण्यात पुढं कोणी उभं राहायचं यावरून आईचं सुमनमावशीशी वाजलं होतं, आणि तेव्हापासून मावशी चर्चला येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “गाडी पडेगावला घे. सुमनकडं.”

“आत्ता? एवढ्या उन्हात?”

“मग काय, देवाला सांगून मोकळं व्हायचं व्हय?”

मावशीनं दार उघडलं. आईची साडी बघितली. मग म्हणाली, “लाल साडी नेसून आलीस. थांब, मी पण बदलते.”

आज मला आईचा लई अभिमान वाटतोय. तुम्ही जगासाठी प्रार्थना करून घरी जाता, तेव्हा कोणाच्या दारावरून गाडी तशीच पुढं नेता?