शेवटी कोण येणार

मोटारींच्या शर्यतींचा नाद मला माहेरी लागला, भावाच्या शेजारी बसून. लग्न होऊन पडेगावच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा नवऱ्याला वाटलं, संसारात पडली की हे खूळ सुटेल. सुटलं तर नाहीच, उलट त्याच्या आईला लागलं. सासरे गेल्यावर सासूबाई कन्नडहून आमच्याकडे राहायला आल्या आणि घरात टीव्ही एकच. पहिल्या रविवारी त्या तोंड फुगवून बसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "त्यो समद्यात मागं राह्यला, त्यो कोण गं?"

तेव्हापासून मी सगळ्यात पुढच्या गाडीच्या बाजूची आणि त्या सगळ्यात मागच्या. टीम कोणतीही असो, शेवटी असली की ती त्यांची. त्यांच्या लहानपणी शंकरपटाच्या शर्यतीत वडिलांची बैलजोडी कायम शेवटी यायची आणि अख्ख्या गावात त्या जोडीसाठी ओरडणारी ही एकच पोर. तो आवाज अजून तसाच आहे, खालच्या मजल्यावरच्यांना विचारा.

एकदा तर कहर झाला. शर्यत संपत आली होती आणि मी चहा ठेवायला आत गेले होते. पडद्यावर पहिल्या नंबरची गाडी शेवटच्या रेषेकडे आली, तर तिच्या अगदी पुढे सासूबाईंची गाडी! "आला! माझा पयला आला!" मी बाहेर येईपर्यंत बाई साखरेचा डबा घेऊन शेजारीपाजारी वाटत सुटल्या होत्या. ती गाडी पुढे दिसत होती, कारण ती एक अख्खी फेरी मागे पडली होती. फरशीवर खडूने गोल काढून मी त्यांना ते समजावलं. त्या गोलाकडे बघत म्हणाल्या, "असू दे. साखर वाटली ती वाटली."

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी गाड्यांचे रंग गेले, मग गाड्याच गेल्या. पडद्यावर नुसता धूर पळतोय म्हणायच्या. काही दिवस मी तोंडाने सगळं सांगत बसले. हळूहळू त्या रविवारी आतल्या खोलीत जाऊन पडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, करून टाका. नवऱ्याने विनवलं, कन्नडहून मोठे दीर येऊन समजावून गेले. सासूबाईंचं एकच उत्तर, "आता काय बघायचं राह्यलंय मला?"

तशी मी भांडकुदळ आहे. दौलताबाद रस्त्यावर अंगावर येणाऱ्या ट्रकवाल्यालाही स्कूटी थांबवून सुनावते. पण त्या एका वाक्यापुढे माझी जीभ लुळी पडायची. ते वाक्य डोळ्यांबद्दल नव्हतंच, आणि म्हणून मला त्याची भीती वाटायची.

अशात तो हिवाळा आला. नव्या सीझनला सगळे नियम बदलणार होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. गाड्या आखूड होणार, हलक्या होणार. जवळजवळ निम्मी ताकद बॅटरीची. पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर उघडणार आणि वळणावर मिटणार. फोनवर हे वाचता वाचता माझ्या कितीतरी भाकरी करपल्या. नवरा करपलेली बाजू खाली करून मुकाट्याने जेवायचा. सगळ्या टीम नव्याने पाटी गिरवणार, या कल्पनेनेच मला उकळ्या फुटत होत्या. माझी पहिल्या नंबरची गाडी मागे पडेल की काय अशी धाकधूकही होती, पण ती धाकधूकसुद्धा गोड वाटत होती.

एका दुपारी सासूबाई मेथी निवडत होत्या, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. मी समोर बसून नवे नियम सांगत होते. एक जुडी संपवून त्या म्हणाल्या, "मंग यंदा शेवटी कोण येणार?"

"कुणालाच माहीत नाही, आई. एक नवी टीमसुद्धा येतेय."

"म्हंजी मी कुणाच्या बाजूनं बसू?"

"मी सांगेन ना तुम्हाला."

"तू?" त्यांनी मेथीची काडी टाकली. "तुझं समदं ध्यान पुढं. मागं कोण हाय ते तुला कवा दिसलंय?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. "मग बघा स्वतःच्या डोळ्यांनी!" मी ताडकन उठले. "नाहीतर ऑपरेशन नको म्हणून बसा आत जाऊन. मला काय!"

सासूला असं बोलतात का? स्वयंपाकघरात जाऊन मी भांड्यांवर राग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटीची किल्ली शोधत होते, तर त्या दाराशी उभ्या.

"ती पयली शर्यत कवा हाय?"

"मार्चमध्ये."

"तवर एक डोळा तरी बरा व्हतो का, इचार त्या डॉक्टरला."

मी त्या दिवशी कामावर उशिरा पोचले आणि दिवसभर कुणाशीही भांडले नाही.

ऑपरेशनला जाताना रिक्षात त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली. मी फोन तयार ठेवला होता. नव्या गाड्यांचा सराव सुरू झाला होता आणि एकेका गाडीचे फोटो मी मोठे करून दाखवणार होते. पण त्यांनी माझा फोनचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुझे केस कवा पांढरे झाले गं?"

"झाले हळूहळू."

"मला कुणी सांगितलं नाय." त्यांनी माझ्या भांगावरून हात फिरवला, कानाकडे, मग मागे वेणीपर्यंत. "एवढे?"

मला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत. त्यांनी पदराने माझा चेहरा पुसला, दोन्ही गाल, हनुवटी, आणि नर्सकडे वळून म्हणाल्या, "बाई, दुसरा डोळा कवा करायचा?"