सुधाकरचं रिकामं जाळं

सुधाकर गेल्याची बातमी मला फ्लेक्सनं दिली. परीक्षेच्या ड्युटीवरून आठवड्यानं सिरोंच्याहून परतलो, तर कॉलेजच्या फाटकावर त्याचा भला मोठा फोटो आणि खाली 'न्यूट्रिनोचा शोध लावणाऱ्या थोर शास्त्रज्ञास भावपूर्ण श्रद्धांजली'. मेंदूच्या मलेरियानं तो चार दिवसांत गेला... आणि पाचव्या दिवशी या लोकांनी त्याच्या नावावर धादांत खोटं टांगलं. महिना झाला, माझा संताप उतरत नाही.

कारण सुधाकरनं कसलाच शोध लावला नव्हता. तो आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवायचा. दूर आकाशात गॅमा किरणांचे प्रचंड स्फोट होतात. त्यांतून न्यूट्रिनो नावाचे अफाट ऊर्जेचे सूक्ष्म कणही निघत असावेत, असा कयास. ते सगळ्यातून आरपार जातात. एखादा चुकून दक्षिण ध्रुवाच्या बर्फात अडखळलाच, तर रेडिओलहरींची बारीकशी टिचकी उठेल, म्हणून तिथे अँटेना पुरलेल्या. त्यांच्या नोंदी सीडीवर यायच्या आणि हा प्रत्येक स्फोटाच्या मागचीपुढची मिनिटं चाळत बसायचा. नऊ वर्षं. हाती शून्य. पिवळ्या पडलेल्या नोट्स वर्षानुवर्षं वाचून दाखवणारे आमच्या स्टाफरूममधले विद्वान त्याला 'शून्य सर' म्हणायचे.

एकदा मात्र ऐन स्फोटाच्या मिनिटात टिचकी सापडली. प्राचार्यांनी लगेच शाल-श्रीफळ मागवलं, पत्रकार बोलावले. सुधाकरनं पंधरा दिवस मागून घेतले, इतर दिवसांच्या नोंदी काढल्या. तीच टिचकी, रोज त्याच वेळी... तिथल्याच कुठल्याशा यंत्राची. प्राचार्य म्हणाले, येऊ द्या की छापून, इथं कोण तपासायला बसलंय? सुधाकरनं स्वतःच्या हातानं तिच्यावर काट मारली. मीही तेव्हा त्याला वेडा म्हणालो होतो, हे लपवत नाही. तो चिडला नाही.

"आमच्या तलावावर रिकामं जाळं घेऊन येणारा गप नाई बसत," तो म्हणाला. "कुठी टाकलं, जाळ्याची भोकं केवढी, सारं सांगते. दुसऱ्याची खेप वाया नाई जात मंग. मी तेच करून राह्यलो."

श्रद्धांजली सभेत प्राचार्यांचा कंठ अगदी वेळेवर दाटून आला. शेवटी सुधाकरच्या वडिलांना माईकपुढे उभं केलं. डोमाजीभाऊंचा जन्म मासे धरण्यात गेलेला. फ्लेक्स त्यांनी मुलीकडून वाचून घेतला होता. "हे खोटं हाय जी," ते म्हणाले. "माह्या पोराले काईच नाई गावलं." मग ते खाली जाऊन बसले. फ्लेक्स अजूनही काढलेला नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर जाळं, आणि त्याच खुंटीला सुधाकरच्या छापून आलेल्या शोधनिबंधाची इंग्रजी पानं दोरीत ओवून अडकवलेली. डोमाजीभाऊंनी ती माझ्या हातात दिली, शेवटी काय लिहिलंय ते विचारलं. मी मराठीत सांगत गेलो. कोणकोणते स्फोट तपासले, किती बारीक आवाज ऐकू आला असता, आणि काहीच आलं नाही.

म्हाताऱ्यानं मान हलवली, पानं परत खुंटीला अडकवली.

"बरं केलं त्यानं," ते म्हणाले. "आता मागून येणाऱ्याले कळंल."