बांगड्यांच्या वरचं घड्याळ

सायकलने कळंबच्या समुद्रावर जाऊन यायचं, एवढाच बेत होता. तरी निघायला अकरा वाजले, कारण आमच्या ह्यांच्या सूचना संपेनात. गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हापासून मी पाणी प्यायला उठले तरी हे मान वर करून बघतात. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती. फक्त नाडी एकशे वीसच्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी लेकीने मनगटावरचं घड्याळ पाठवलं. ते नाडी मोजतं आणि तोच आकडा, शिवाय मी कुठे आहे तेही, ह्यांच्या फोनवर दाखवतं. ह्यांनी त्यात स्वतःची अट घातली: आज आकडा लाल झाला, तर सायकल तळमजल्यावरच्या शिंद्यांच्या मुलीला देऊन टाकायची. शिंद्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं! मला विचारायची गरज कोणालाच वाटली नाही.

रागारागात पॅडल मारायला लागले, पण पापडी गाव मागे पडलं तसा रागही ओसरला. माघाची हवा अजून गार होती. दोन्हीकडे केळीच्या वाड्या आणि मधूनच एखादं बावखल (वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं). एका बावखलाच्या काठी थांबून घरून आणलेला लाडू खाल्ला. घड्याळात आकडा शंभराच्या आसपास, हिरवागार. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. मी चक्क गुणगुणत होते.

निर्मळच्या अलीकडे आतल्या गल्लीतून जवळ पडतं म्हणून वळले आणि तिथे सगळे पेव्हर ब्लॉक, तेही उचकटलेले. सायकल खडखडायला लागली. थोड्याच वेळात घड्याळ थरथरलं. बघते तर एकशे बावन्न! आकडा लालभडक. छातीत दुखत नव्हतं, धापही लागली नव्हती. पण तो आकडा बघून मी पॅडल मारणं थांबवलं. समोरच एका घराच्या ओट्यावर सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी) विकायला मांडली होती. तिथे सायकल टेकवली आणि हँडल घट्ट धरून तशीच उभी राहिले. हात थरथरत होते आणि बांगड्या खुळखुळत होत्या. खरं सांगते, मी घाबरले होते. जिवाला घाबरले होते, आणि सायकल जाणार म्हणूनही.

ओट्यावरची बाई माझ्याच वयाची. “बाय, काय होतं? पानी देऊ?”

“द्या,” म्हटलं. तिने तांब्या पुढे केला, आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. बारा वाजले होते. बाईने तांब्या ओट्यावर ठेवला, पदर सारखा केला, कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागली. पलीकडे भाजीला पाणी घालणारा म्हातारा पाइप खाली सोडून उभा राहिला. एक दुचाकीवाला थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं. सगळी गल्ली गप्प झाली. अशा वेळी पाणी मागायचं तरी कसं? मीही हँडल सोडलं, हात खाली केले आणि उभी राहिले.

बाईची प्रार्थना संपली तेव्हा सवयीने घड्याळ बघितलं. सत्त्याण्णव.

“घ्या आता पानी. दुपारची प्रार्थना चुकवत नाय आमी,” बाई म्हणाली.

पाणी पिता पिता मी विचार करत होते. एवढ्याशा प्रार्थनेत माझी नाडी दीडशेवरून शंभराच्या खाली येते? हॉस्पिटलात पायऱ्या चढवल्या, तेव्हा ती उतरायला किती वेळ लागला होता, ते मला आठवत होतं. मग लक्षात आलं, गल्ली गप्प झाली तशा माझ्या बांगड्याही गप्प झाल्या होत्या. माझ्या दोन्ही हातांत सोन्याच्या दोन दोन बांगड्या, लग्नापासून न उतरवलेल्या. त्यामुळे घड्याळाला जागा उरते ती पार पुढे, मनगटाच्या हाडावर. तिथे ते सैल लोंबतं आणि हादरा बसला की बांगड्या त्याला ढकलतात. ते बिचारं माझी नाडी कुठली मोजणार, गल्लीतले खड्डेच मोजत होतं!

घड्याळ काढून बांगड्यांच्या वर चढवलं, कोपराच्या दिशेला, आणि पट्टा आवळला. त्याच खडखडाटातून एक फेरी मारली. एकशे चार. थांबून मानेवर बोट ठेवून मोजलं, तर तेवढेच ठोके. पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा तेच. मी मोठ्याने हसले. बाईला काय झालं ते कळेना, पण तीही हसली. मी सुकेळीचं एक पुडकं घेतलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमची स्कूटर. हेल्मेट वाकडं, शर्टाची बटणं वरखाली, चेहरा पांढराफटक.

“काय होतंय? फोन का उचलत नाहीस?”

“पिशवीत आहे. अहो, बसा आधी.”

“लाल झाला होता आकडा!”

सगळं समजावलं. पटेना, म्हणून तेच घड्याळ काढून ह्यांच्या हातावर बांधलं. एकशे अडतीस. आता हे ओट्यावर टेकले.

“ह्यांनाही पानी देऊ?” बाईने विचारलं.

कळंबला दोघंही गेलो. मी पुढे सायकलवर, हे मागे स्कूटरवर, सायकलच्या वेगाने. सुरूच्या झाडांच्या सावलीत बसून तळलेले बोंबील खाल्ले. ह्यांनी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, घड्याळ तिथेच बांधा आणि मधूनमधून मानेवर बोट ठेवूनही मोजत जा. फोन ठेवल्यावर ह्यांनी माझ्या पानातला शेवटचा बोंबील न विचारता उचलला. वर्षभरात पहिल्यांदाच ते माझ्याकडे रोगी म्हणून बघत नव्हते.

परतताना सगळा रस्ता एकच विचार मनात होता. वर्षभर आम्ही दोघं कोणी ना कोणी दिलेल्या आकड्यांवर जगत होतो. आज एक आकडा चुकीचा निघाला म्हणून केवढं सुटल्यासारखं वाटत होतं! इमारतीत शिरलो तर शिंदे दारातच उभे. त्यांनी सायकलकडे पाहिलं.

“मग काका, न्यायची का आज सायकल? मुलगी विचारत होती.”

ह्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं.

“नाही हो शिंदे,” हे म्हणाले, “ती वापरात आहे.”

माझ्या छातीत धडधडलं. घड्याळाकडे मात्र मी पाहिलं नाही.