कल्हईवाल्याचं सोल्डरिंग

सुगराबींचे कान गेले आणि त्यांनी उंबरा धरला. तांदूळ निवडायचे तिथंच, लसूण सोलायचा तिथंच. कळंब्याच्या तळ्याकाठचं त्यांचं घर दोन खोल्यांचं. दार नुसतं लोटून ठेवलं तर भटकी कुत्री थेट चुलीपर्यंत! म्हणून आतून कडी असायची. मागच्या उन्हाळ्यात सिकंदरचाचा बाजारातून आले, कडी वाजवली, हाका मारल्या. सगळी गल्ली गोळा झाली, पण आत भाकरी थापत बसलेल्या बायकोला पत्ता न्हाय. चाचा उन्हात चक्कर येऊन पडले. तेव्हापासून ते बाहेर गेले की ही बाई दारात बसायची. थंडीत तळ्यावरचा वारा गुडघ्यात शिरायचा, पण हलंल तर शपथ.

चाचांना ते बघवेना. मोबाइलवर त्यांनी एक खेळणं बघितलं होतं. बाहेर बटण दाबलं की आत दिवा लुकलुकतो. नेसरीला दिलेली लेक अर्शी फोनवर म्हणाली, "अब्बा, तयार मिळतंय की. मागवते."

"मी मेलोय व्हय?" चाचा भडकले. "जन्मभर लोकांची भांडी उजळली. माझ्या बायकोचा दिवा मीच करणार."

आता चाचा म्हणजे कल्हईवाले. भाता, कथील आणि नवसागर यांत हयात गेली. डाख लावणं, म्हणजे कथलानं सांधा जोडणं, हा डाव्या हातचा मळ, असा त्यांचा समज. त्याच तोऱ्यात ते लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दिव्याचा बोर्ड आणि सुटे भाग घेतले आणि डाख द्यायचा विजेचा सोल्डरिंग आयर्न मागितला. काउंटरवरच्या अनुजानं पेनाएवढा, पंचवीस वॅटचा पुढं ठेवला.

"हे काय? मला मेंदी काढायची न्हाय पोरी. वजनदार दाव."

"चाचा, बारीक कामाला हाच लागतो."

"कुणाला शिकवतीस? आच दमदार पायजे, तर कथील पळतंय."

झालं! सर्वांत जाडजूड उचलला आणि वर हसत बाहेर पडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ अजून धडधडत होता.

घरी पहिलाच टाका दिला आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी पापडासारखी सुटून आली. चाचांनी वायरीचा तुकडा घालून ती सांधली. तरी कथील धरेना, तेव्हा सवयीनं हात नवसागराच्या डबीकडं गेला. चिमूटभर टाकला, पांढरा धूर उठला, आणि काय सांगावं, टाका कसा चांदीसारखा बसला! बटण दाबलं, चुलीवरच्या भिंतीला दिवा लुकलुकला. सुगराबींनी हातातलं लाटणं टाकून टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात त्या दुपारी चक्क आत पडून झोपल्या.

मग एक दिवस चाचा बाहेरनं आले आणि बटण दाबत राहिले. आत काहीच नाही. शेवटी शेजारच्या केरबानं मागच्या खिडकीतनं काठी हलवली, तेव्हा दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सुपात लसूण घेऊन सुगराबी परत उंबऱ्यात येऊन बसल्या. बाईनं आपल्यावर भरवसा टाकला आणि आपण तिला तोंडघशी पाडलं, हे चाचांना गिळवेना.

बोर्ड काढून बघतात तर टाक्यांवर हिरवा कळंक चढलेला. तो पिशवीत घालून ते मान खाली घालून दुकानात गेले.

अनुजानं बघताक्षणी विचारलं, "नवसागर घातलासा व्हय?"

"त्याबिगर कल्हई धरती व्हय?"

"चाचा, भांडं तुमी नंतर खसाखसा धुताय. हे कुठं धुतलासा? राहिलेला नवसागर बसला की तांबं खात." तिनं बारीक तारेचं वेटोळं दाखवलं. "ह्या तारेच्या पोटातच राळ हाय. वेगळं कायबी घालायचं न्हाय. आनि तुमच्या त्या आयर्नची आच ह्या पट्टीला सोसत न्हाय."

चाचांनी पंचवीस वॅटचा तो किरकोळ आयर्न हातात घेतला. वजनच नाही मेल्याला! पण या खेपेला ते हसले नाहीत. तिच्यासमोरच जुन्या बोर्डाच्या तुकड्यावर टाके घालून बघितले. दाबायची सवय हाताला. टेकवायचं आणि उचलायचं, एवढं शिकायला सगळी दुपार गेली. जाताना म्हणाले, "बाई गं, जन्मभर आग फुंकली, आता राखायला शिकतोय."

तोच आयर्न घेऊन चाचांनी नवा बोर्ड जोडला, नवा दिवा बसला. सुगराबी मात्र उंबरा सोडायला तयार नव्हत्या. एकदा फसलेलं माणूस! चाचा रोज बाहेर जाऊन बटण दाबायचे आणि आत येऊन विचारायचे, दिसला का? त्या मान हलवायच्या आणि परत दारात बसायच्या. चाचांनीही जबरदस्ती केली नाही.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी चाचा बाजारातनं आले, तर दार बंद. उंबऱ्यात कुणी नव्हतं. याचसाठी एवढा खटाटोप केला, पण तो रिकामा उंबरा बघून ते गल्लीतच थबकले. इतके दिवस गल्लीच्या तोंडापासनं ते तिकडंच बघत चालायचे. त्यांनी बटण दाबलं.

दार लगेच उघडलं. सुगराबींचे हात पिठानं भरलेले, चेहरा हसरा.

"दारात तू दिसली न्हाईस," चाचा पुटपुटले. "बरं वाटलं न्हाय."

सुगराबींना ऐकू येणार नव्हतंच, म्हणून तर बोलले. पण चाळीस वर्षांचा संसार, तोंड बघून कळतं की!

"मग लवकर येत जावा की घरला!" सुगराबी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.