आडवी रेघ, उभी रेघ

एकच धडा वर्षानुवर्षं शिकवला की धडा तोच राहतो, किस्से मात्र वाढत जातात. आमच्या फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये कपॅसिटरचा विषय निघाला की चहा थंड होतो, पण कोणी उठत नाही! प्रकरण तसं साधं. धातूच्या दोन प्लेटा, मधे वीज न वाहणारे दोन वेगळे पदार्थ, म्हणजे डायइलेक्ट्रिक, आता एकूण कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, काढा. बस्स. एवढ्यात पोरांनी काय काय दिवे लावलेत, विचारू नका!

*

मी नवीन होतो, हौस दांडगी. वर्गात चक्क सँडविच घेऊन गेलो. "ब्रेड म्हणजे प्लेटा. बटरवर चटणीचा थर दिला तर सिरीज. अर्ध्या भागात बटर, अर्ध्या भागात चटणी, तर पॅरलल." पोरं खूश, मीही खूश.

परीक्षेत एकानं लिहिलं, "दोन ब्रेड एकमेकांना समांतर ठेवावेत." पेपर आमच्या हेड गायकवाड मॅडमांच्या हाती पडला. त्यांनी तो शांतपणे माझ्यापुढे सरकवला.

"तुम्हीच तपासा. बटरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट तुम्हालाच माहीत!"

*

मॅडम बोलायच्या कमी. तोंडीला एक पठ्ठ्या थर असोत नाहीतर अर्धे भाग, दणादण बेरीजच करत सुटला; खरं तर बेरीज फक्त पॅरललला चालते, सिरीजला नाही. वर कारण काय, तर "मॅडम, मधे दोन-दोन पदार्थ आहेत, म्हणजे वाढणारच ना!"

"घरात माणसं वाढली की खोल्या वाढतात का हो?"

*

पुढे आयटीची लाट आली आणि आमची अर्धी लॅब कॉम्प्युटरला गेली. त्यांच्या अर्ध्यात एसी, आमच्या अर्ध्यात कुरकुरणारा पंखा. एका पोरानं मागच्या बाकावरून विचारलंच, "मॅडम, हिंजवडीत याचा काय उपयोग?"

"तुमच्या मोबाईलमध्ये खच्चून कपॅसिटर भरलेत. काढून घेऊ का?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि वही उघडली.

*

त्याच सुमारास निखिल नावाचा एक हुशार मुलगा होता. क्लासमधून नियम पाठ करून आलेला: आडवी रेघ सिरीज, उभी रेघ पॅरलल. तोंडीला मॅडमांनी चौकोन काढला, मधे आडवी रेघ, वर-खाली प्लेटांच्या वायरी. "सिरीज," निखिल म्हणाला. बरोबर! मॅडमांनी तोच कागद फिरवून उभा धरला; रेघेबरोबर वायरीही फिरल्या.

"आता पॅरलल," निखिल म्हणाला.

"असं होय? मग मंडईत वांगी आडवी धरून बघा, दोडकी होतील!" मॅडम म्हणाल्या. "रेघ बघू नका हो. आधी वायरी कुठं आहेत ते बघा, मग तोंड उघडा."

बिचारा कानापर्यंत लाल झाला होता.

*

आणि आता शीतल. लोणी काळभोरची, शेतकऱ्याघरची पोर. लेखीत पहिली, पण तोंडीला परक्या माणसासमोर वाचाच बसायची. मागच्या खेपेला त्यातच नापास झाली. हिंजवडीतली नोकरी पक्की होती, अट एकच: हे प्रॅक्टिकल सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर नोकरी गेली! मला तिच्यापेक्षा जास्त धाकधूक.

बाहेरचे परीक्षक म्हणून आले कोण? निखिल! आता दुसऱ्या कॉलेजात लेक्चरर, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. मॅडम शेजारी बसलेल्या, मी मागे मीटर आवरत होतो.

निखिलनं चौकोन काढला, मधे आडवी रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "कपॅसिटन्स काढा."

शीतलनं कागद असा फिरवला, तसा फिरवला. मी मनात म्हटलं, गेली पोर!

"येत नाही का?" निखिलनं विचारलं.

"सर..." आवाज जेमतेम फुटला. "वायरी कुठं जोडल्यात?"

"म्हणजे?"

"प्लेटा वर-खाली हायेत का डाव्या-उजव्या, त्येच दिसंना. त्याबिगर कसं सांगू?"

निखिलनं कागद स्वतःकडे ओढला. मग पेन उचलून डावी-उजवीकडे दोन वायरी काढल्या.

"मग पॅरलल," शीतल म्हणाली आणि धडाधड गणित सोडवून मोकळी झाली.

निखिलनं मार्क लिहिले. मी मागून मान लांब करून बघितलं, चांगले भरपूर होते! जिवात जीव आला. शीतल बाहेर पळाली.

निखिल कागदाकडे बघतच होता. "मॅडम, हिला हे कोणी शिकवलं?"

मॅडमांनी पुढच्या मुलाला आत यायची खूण केली.

"तुम्हालाही मीच शिकवलं होतं."